लिंकन यांनी लिहिलेलं, पण कधीच न पाठवलेलं पत्र: रागावलेल्या प्रत्येक मॅनेजरला माहीत असावी अशी गोष्ट

अब्राहम लिंकन आणि पत्र हे दोन शब्द एकत्र आले की महाराष्ट्रात बहुतेकांना एकच पत्र आठवतं. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. वसंत बापट यांच्या मराठी अनुवादामुळे ते घराघरात पोहोचलं. शाळेच्या भिंतींवर लागलं, निरोप समारंभात वाचलं गेलं. पण खरं सांगायचं तर ते पत्र लिंकन यांनीच लिहिलं याचा पुरावा नाही. त्याची मूळ प्रत कुठेही सापडलेली नाही.

लिंकन यांच्या कागदपत्रांत सापडलेलं दुसरं एक पत्र मात्र शंभर टक्के अस्सल आहे. तारीख १४ जुलै १८६३. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि राष्ट्राध्यक्ष आपल्या हाताखालच्या सेनापतीवर प्रचंड चिडले होते. त्यांनी कागद घेतला आणि मनातलं सगळं लिहून काढलं. मग तो कागद लिफाफ्यात घातला, लिफाफ्यावर नोंद केली की हे पत्र पाठवलेलं नाही आणि त्यावर सहीही केलेली नाही. आणि ठेवून दिलं.

मॅनेजरने कामाच्या ठिकाणी मन कसं सांभाळावं यावर आज भरपूर कोर्सेस आणि व्हिडिओ आहेत. पण हाताखाली लाखोंचं सैन्य, मंत्रिमंडळात स्वतःचेच विरोधक आणि घरात मुलाचा मृत्यू, अशा परिस्थितीत ज्याने चार वर्षं ऑफिस चालवलं त्या माणसाने हे कसं जमवलं? आणि ते त्याला आधीपासूनच जमत होतं का? समजून घेऊ.

जुलै १८६३ मध्ये नेमकं काय झालं होतं?

१ ते ३ जुलै १८६३. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्ग या गावाजवळ तीन दिवस लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून सुमारे ५० हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. उत्तरेच्या म्हणजे लिंकन यांच्या सैन्याचे सेनापती होते जॉर्ज मीड. त्यांच्याकडे हे पद येऊन जेमतेम आठवडा होत होता. समोर दक्षिणेचे रॉबर्ट ली.

मीड जिंकले. ली माघारी फिरले, पण वाटेत पोटोमॅक नदी फुगलेली. ली यांचं सैन्य नदीच्या अलीकडे अडकलं. आता शेवटचा घाव घातला की युद्ध संपेल, असं लिंकन यांना वाटत होतं. मीड यांनी मात्र थकलेलं सैन्य पाहून सावधपणे पावलं टाकली. १३ जुलैच्या रात्री पाणी उतरलं आणि ली नदी ओलांडून निघून गेले.

ही बातमी आल्यावर लिंकन यांची अवस्था काय झाली होती, ते त्यांचा मोठा मुलगा रॉबर्ट याने नंतर सांगितलं आहे. वडील टेबलावर डोकं टेकून बसले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

त्यातच राष्ट्राध्यक्ष नाराज आहेत हे वॉशिंग्टनहून आलेल्या तारेतून मीड यांना कळलं आणि त्यांनी पद सोडायची तयारी दाखवली. लिंकन उत्तर लिहायला बसले. सुरुवात आभारांनी केली. पण पुढे लिहिता लिहिता राग बाहेर आला. शत्रू हाताच्या अंतरावर होता, त्याला घेरलं असतं तर युद्ध संपलं असतं, आता ते किती लांबेल सांगता येत नाही, सोन्यासारखी संधी गेली आणि मला त्याचं अतोनात दुःख आहे, असा त्याचा आशय.

मग पाठवलं का नाही? लिंकन यांनी कारण लिहून ठेवलेलं नाही. पण परिस्थिती पाहिली तर अंदाज येतो. मीड यांनी नुकतीच एक मोठी लढाई जिंकून दिली होती. त्यांच्या जागी बसवायला दुसरा माणूस तयार नव्हता. आणि ली तर निघूनच गेले होते. पत्र गेलं असतं, तर एवढंच झालं असतं की जिंकलेला सेनापती अपमानित होऊन घरी गेला असता. मीड यांचा राजीनामा स्वीकारला गेला नाही. युद्ध संपेपर्यंत ते त्याच सैन्याचे सेनापती राहिले.

लिंकन आधीपासून असेच शांत होते का?

अजिबात नाही.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात एका लाकडी खोपटात त्यांचा जन्म झाला. नऊ वर्षांचे असताना आई गेली. १८२८ मध्ये बहीण सारा गेली. शाळा अशी सगळी मिळून वर्षभराचीही झाली नाही. दुकान चालवून पाहिलं, ते बुडालं आणि कर्ज अंगावर राहिलं. त्या काळात लोक त्यांच्या स्वभावातल्या उदासपणाबद्दल उघड बोलायचे. १८४१ च्या सुरुवातीला, लग्न मोडल्यानंतर, ते इतके खचले की खोलीतून वस्तरे आणि चाकू हलवावे लागले, असं त्यांचे जवळचे मित्र जोशुआ स्पीड यांनी सांगून ठेवलं आहे. पुढे १८४२ मध्ये त्याच मेरी टॉड यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

म्हणजे शांत स्वभाव घेऊन जन्माला आलेला हा माणूस नव्हता. शिवाय तरुणपणी त्यांची लेखणी चांगलीच बोचरी होती.

१८४२ चीच गोष्ट. इलिनॉय राज्याचे हिशेब तपासनीस होते जेम्स शील्ड्स, विरोधी पक्षाचे. लिंकन यांनी रिबेका या खोट्या नावाने, एका खेडवळ बाईच्या भाषेत, शील्ड्स यांची टर उडवणारं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलं. टीका धोरणावर सुरू झाली आणि घसरली ती शील्ड्स यांच्या दिसण्या-वागण्यावर. शील्ड्स भडकले. लेखक कोण हे शोधून काढलं आणि थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं.

हत्यार निवडायचा हक्क लिंकन यांचा होता. सहा फूट चार इंच उंची आणि लांब हात असल्यामुळे त्यांनी घोडदळाच्या लांब तलवारी निवडल्या. २२ सप्टेंबर १८४२ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर दोघं समोरासमोर आले. शेवटच्या क्षणी मध्यस्थांनी समेट घडवला म्हणून रक्त सांडलं नाही. पुढच्या आयुष्यात लिंकन यांना या प्रसंगाची आठवण काढलेलीही आवडत नसे.

तेहतिसाव्या वर्षी एक पत्र छापून ते मरता मरता वाचले. चोपन्नाव्या वर्षी एक पत्र लिहून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. मधल्या एकवीस वर्षांत राग संपला नव्हता. तो लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, एवढं ते शिकले होते.

आणि हेच शील्ड्स यादवी युद्धात लिंकन यांच्या बाजूने लढले. १८६१ मध्ये लिंकन यांच्याच सरकारने त्यांना ब्रिगेडियर जनरल केलं.

अपमान करणाऱ्यालाच मंत्री का केलं?

१८५५ मध्ये सिनसिनाटी शहरात कापणी यंत्राच्या पेटंटचा एक मोठा खटला उभा राहिला. लिंकन यांना त्यात वकील म्हणून घेतलं होतं. पण एडविन स्टँटन या नामांकित वकिलाने या खेडवळ दिसणाऱ्या माणसाला जवळही उभं केलं नाही. लिंकन यांनी तयारी करून ठेवली होती, पण त्यांना बोलायची संधीच मिळाली नाही. ते तरीही थांबले आणि खटला ऐकत बसले.

जानेवारी १८६२ मध्ये लिंकन यांना नवा युद्धमंत्री हवा होता. त्या खात्यात भ्रष्टाचार आणि गोंधळ माजला होता. झपाट्याने काम करणारा, कडक आणि प्रामाणिक माणूस कोण? उत्तर होतं स्टँटन. लिंकन यांनी त्यांना बोलावून घेतलं. स्टँटन तापट होते, माणसांवर खेकसायचे, पण खातं त्यांनी सरळ केलं.

दुसरं उदाहरण परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड यांचं. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी सुअर्ड यांनाच मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती मिळाली लिंकन यांना. लिंकन यांनी सूत्रं हातात घेऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, १ एप्रिल १८६१ रोजी, सुअर्ड यांनी एक टिपण पाठवलं. सरकारला धोरण नाही, ते कुणीतरी एकाने हातात घ्यायला हवं, आणि ती जबाबदारी घ्यायला मी मागे हटणार नाही, असा त्याचा सूर. सोप्या शब्दांत सांगायचं तर नव्या बॉसला बाजूला बसायला सांगितलं होतं.

लिंकन यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. जे करायचं ते मीच करायला हवं, असं त्यात स्पष्ट होतं. पण हे उत्तरही लिंकन यांच्याच कागदांत मिळालं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते पाठवलं गेलं नाही, दोघं समोरासमोर बोलले आणि विषय संपला. महत्त्वाचं म्हणजे लिंकन यांनी त्या टिपणाची बाहेर वाच्यता केली नाही. त्यांनी ठरवलं असतं तर सुअर्ड यांची कारकीर्द त्या एका कागदावर संपली असती. पुढे सुअर्ड हे मंत्रिमंडळातले त्यांचे सगळ्यात जवळचे मित्र झाले.

चूक झाली तेव्हा काय केलं?

मीड यांना लिहिलेल्या त्या पत्राच्या फक्त एक दिवस आधी, १३ जुलै १८६३ ला, लिंकन यांनी आणखी एका सेनापतीला पत्र लिहिलं होतं. हे मात्र त्यांनी पाठवलं.

युलिसिस ग्रँट यांनी ४ जुलैला मिसिसिपी नदीकाठचं व्हिक्सबर्ग जिंकलं होतं. लिंकन आणि ग्रँट तोवर एकमेकांना भेटलेही नव्हते. मोहिमेच्या दरम्यान ग्रँट यांनी नदीने खाली जाऊन दुसऱ्या सैन्याला मिळावं असं लिंकन यांना वाटत होतं. ग्रँट उत्तरेकडे वळले तेव्हा हा माणूस चुकतोय अशी लिंकन यांना भीती वाटली होती. त्यांनी पत्रात हे सगळं क्रमाने मांडलं आणि शेवटी लिहिलं की तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

मनातली शंका ग्रँट यांना माहीतच नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

ही दोन पत्रं शेजारी ठेवून पाहिली की त्यांची पद्धत लक्षात येते. दुसऱ्याची चूक सांगणारं पत्र राखून ठेवलं. स्वतःची चूक सांगणारं पत्र लगेच धाडलं. बहुतेक ऑफिसांत याच्या बरोबर उलट चालतं.

मनावरचा भार उतरवायचे कुठे?

राग गिळत राहिलं की तो कुठेतरी बाहेर पडतोच. लिंकन यांनी त्यासाठी काही जागा ठरवून ठेवल्या होत्या.

पहिली जागा विनोद. २२ सप्टेंबर १८६२ रोजी, म्हणजे त्या द्वंद्वयुद्धाला बरोबर वीस वर्षं होत होती त्या दिवशी, लिंकन यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावली. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचायचा होता. पाचच दिवसांपूर्वी अँटिएटमची भयानक लढाई झालेली. लिंकन यांनी आधी आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकाच्या पुस्तकातला एक किस्सा वाचून दाखवला. अर्थमंत्री सॅल्मन चेस यांनी डायरीत लिहून ठेवलंय की स्टँटन सोडून सगळ्यांना मजा आली. त्यानंतर लिंकन यांनी मसुदा बाहेर काढला.

दुसरी जागा घर बदलणं. २० फेब्रुवारी १८६२ ला त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली व्हाइट हाउसमध्येच आजारपणात गेला. त्या उन्हाळ्यापासून लिंकन कुटुंब व्हाइट हाउसपासून सुमारे तीन मैलांवरच्या टेकडीवर, निवृत्त सैनिकांच्या आश्रमाच्या आवारातल्या एका घरात राहायला जाऊ लागलं. १८६२, ६३ आणि ६४ असे तीन उन्हाळे ते तिथे राहिले. रोज सकाळी तिथून ऑफिसला यायचं, संध्याकाळी परत जायचं. काम तिथेही पाठ सोडत नसे, पण दारासमोर नोकऱ्या मागणाऱ्यांची रांग तरी नसायची. याशिवाय नाटक. वेळ मिळाला की ते थिएटरला जात.

तिसरी जागा जरा वेगळी आहे. १८ जुलै १८६३, म्हणजे मीड यांच्यावर चिडून चारच दिवस झाले होते. लष्करी न्यायालयांनी शिक्षा दिलेल्या सैनिकांच्या फाइली घेऊन लिंकन बसले. कुणी पहाऱ्यावर झोपलेला, कुणी पळालेला. त्यांचे तरुण सचिव जॉन हे यांच्या डायरीनुसार हे काम सहा तास चाललं. आणि एखाद्याचा जीव वाचवता येईल असा जरासा मुद्दा दिसला की राष्ट्राध्यक्ष तो कसे चटकन उचलत, याची हे यांना गंमत वाटली. वरच्या सेनापतीवरचा राग खालच्या शिपायावर निघाला नाही. कोणत्याही ऑफिसात तपासून पाहा, वरून आलेला राग बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या माणसापर्यंत पोहोचतो.

मग सगळं सहनच करायचं का?

नाही. लिंकन यांच्या संयमाला मुदत असायची.

१३ नोव्हेंबर १८६१ च्या संध्याकाळी लिंकन, सुअर्ड आणि जॉन हे असे तिघं सरसेनापती जॉर्ज मॅक्लेलन यांच्या घरी गेले. मॅक्लेलन बाहेर होते. तिघं थांबले. तासाभराने मॅक्लेलन आले, पाहुणे बसलेत हे कळूनही सरळ वरच्या मजल्यावर गेले. आणखी अर्ध्या तासाने निरोप आला की साहेब झोपले. हे संतापले. लिंकन यांनी त्यांना समजावलं की या घडीला मानापमान बघत बसायची वेळ नाही.

इथे लिंकन यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. माझा अपमान झाला ही एक आणि काम होत नाही ही दुसरी. पहिल्यासाठी त्यांनी मॅक्लेलन यांना काढलं नाही. पण वर्षभर समजावूनही सैन्य पुढे सरकेना, अँटिएटमनंतरही शत्रूचा पाठलाग होईना, तेव्हा नोव्हेंबर १८६२ मध्ये त्यांना पदावरून दूर केलं. ही वाट फार लांबली, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती चुकीची म्हणता येणार नाही. कारण मॅनेजरच्या संयमाची किंमत कुणीतरी मोजत असतं आणि इथे ती सैनिकांनी मोजली.

अर्थमंत्री चेस यांचंही तसंच. ते हुशार होते, पण लिंकन यांची जागा आपल्याला मिळावी म्हणून आतून हालचाली करत. मनासारखं झालं नाही की राजीनामा पुढे करत. लिंकन समजूत काढत. ३० जून १८६४ ला मात्र त्यांनी तो राजीनामा स्वीकारून टाकला. चेस यांना धक्काच बसला. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचं सरन्यायाधीशपद रिकामं झालं, तेव्हा डिसेंबरमध्ये त्या पदासाठी लिंकन यांनी चेस यांचंच नाव दिलं. सहकारी म्हणून नको झालेला माणूस न्यायाधीश म्हणून लायक असू शकतो, हे त्यांना मान्य होतं.

बंद लिफाफा

ऑगस्ट १८६४. युद्ध रेंगाळलेलं, निवडणूक तोंडावर, आणि लिंकन हरणार असं त्यांच्याच पक्षातले लोक सांगत होते. २३ ऑगस्टला लिंकन यांनी एक छोटं टिपण लिहिलं, कागद दुमडून बंद केला आणि आत काय आहे ते न दाखवता सगळ्या मंत्र्यांच्या मागच्या बाजूला सह्या घेतल्या.

नोव्हेंबरमध्ये ते जिंकले. ११ नोव्हेंबरला बैठकीत तो कागद उघडला गेला. आपण हरू अशी शक्यता दिसते, तसं झालं तर नव्या अध्यक्षाने सूत्रं घेण्याआधी त्याला साथ देऊन देश एकसंध ठेवणं हे माझं कर्तव्य असेल, असं त्यात लिहिलं होतं. भीती वाटत असताना, डोकं थाऱ्यावर आहे तोवरच त्यांनी पराभवानंतर कसं वागायचं हे स्वतःला बांधून घेतलं होतं.

९ एप्रिल १८६५ ला ली यांनी ग्रँट यांच्यासमोर शरणागती पत्करली. पाच दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्री, लिंकन मन रमवायला नाटक बघायला गेले. फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ याने त्यांच्यावर गोळी झाडली. १५ एप्रिलच्या सकाळी ते गेले, तेव्हा खोलीत असलेल्यांमध्ये स्टँटन होते. रात्रभर तिथेच बसून त्यांनी सरकारचं काम चालवलं होतं.

आजच्या मॅनेजरने यातून काय घ्यायचं?

लिंकन यांच्या हाताशी ईमेल नव्हता. पण तार होती आणि ते युद्ध खात्याच्या तार ऑफिसमध्ये तासन् तास बसत. म्हणजे राग आला त्या क्षणी तो काही मिनिटांत सेनापतीपर्यंत पोहोचवायची सोय त्यांच्याकडेही होती.

म्हणून पहिली गोष्ट. रागाचा मेसेज लिहायचाच असेल तर जिथे पाठवायचं बटण नाही तिथे लिहा. वहीत किंवा फोनमधल्या नोट्समध्ये. रात्र जाऊ द्या. सकाळी वाचताना स्वतःला विचारा की हे वाचून समोरचा उद्या काय वेगळं करू शकेल? उत्तर काहीच नाही असं आलं, तर त्या मेसेजचं काम झालेलं आहे.

दुसरी. टीमच्या ग्रुपवर कुणाची चूक काढण्याआधी सुअर्ड यांचं टिपण आठवा. जे दोघांत मिटतं ते दोघांतच मिटवा. स्वतःची चूक मात्र लेखी आणि लवकर कळवा.

तिसरी. मन हलकं करायची जागा आधीच ठरवा. ती नसेल तर घरातली माणसं किंवा टीममधला सगळ्यात ज्युनिअर ही आपोआप ती जागा बनतात.

चौथी. शांत राहणं आणि निर्णय टाळणं यात गल्लत करू नका. कुणी आपल्याशी कसं वागलं आणि कुणी काम कसं केलं, याचे दोन वेगळे कागद करा. कठोर निर्णय घ्यायचाच असेल तर तो फक्त दुसऱ्या कागदावर घ्या.

आणि उदासी वाटत असेल, खचायला होत असेल, तर आपण या पदाला लायक नाही असं लगेच समजू नका. लिंकन यांना ती आयुष्यभर होती. १८४१ मध्ये त्यांना सावरलं ते सोबत असलेल्या मित्रांनी. आज तेवढ्यासाठी मित्रांसोबत डॉक्टर आणि समुपदेशकही आहेत. त्यांच्याकडे वेळेवर जाणं हाही मॅनेजरच्या कामाचाच भाग आहे.